राखीव पुस्तकांचे कपाट

प्राध्यापकाने अभ्यासक्रमासाठी निवडलेली पुस्तके ग्रंथालयात वेगळी काढून ठेवायची आणि ती थोड्या वेळापुरतीच वाचायला द्यायची, ही पद्धत अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली. तोवर शिकवणे बहुतांशी एकाच पाठ्यपुस्तकावर चाले आणि ग्रंथपालाचे मुख्य काम पुस्तके सांभाळण्याचे मानले जाई. हार्वर्डचे गोअर हॉल हे ग्रंथालय आगीच्या भीतीने दिव्यांविना चालत असे. अंधार पडला की वाचन थांबे.

१८७० नंतर हेन्री ॲडम्ससारखे इतिहासाचे अध्यापक विद्यार्थ्यांना मूळ साधने वाचायला लावू लागले. एक प्रत आणि वाचणारे अनेक, हा पेच त्यातूनच उभा राहिला. १८७७ मध्ये ग्रंथपाल झालेले जस्टिन विन्सर यांनी राखीव पुस्तकांची सोय वाढवली आणि पुस्तके वापरण्यासाठीच असतात, हे आग्रहाने मांडले. ग्रंथपाल अध्यापकाचा सहकारी ठरला, हा यातला खरा मोठा बदल. विन्सर स्वतः इतिहासकार होते, म्हणून वर्गाची गरज त्यांना नेमकी कळली असावी.

१९४९ मध्ये हार्वर्डमध्येच पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी, राखीव पुस्तकांचीही सोय असलेले लॅमाँट ग्रंथालय उघडले. पुढे राखीव कपाटाचे काम हळूहळू संगणकाकडे गेले. अध्यापक यादी देतो, ग्रंथालय प्रताधिकाराची मर्यादा तपासून प्रकरणे व लेख अभ्यासक्रमाच्या संकेतस्थळाला जोडून देते.