रोममधील मोकाट मांजरांचे व्यवस्थापन

इटलीची राजधानी रोम येथे रस्ते, अंगणे व प्राचीन अवशेषांच्या आश्रयाने राहणाऱ्या बेवारस मांजरांची संख्या न मारता आटोक्यात ठेवण्याची पद्धत. १४ ऑगस्ट १९९१ चा कायदा क्र. २८१ हा तिचा आधार. त्यानुसार अशा मांजरांचा छळ करण्यास मनाई असून त्यांचे निर्बीजीकरण स्थानिक आरोग्ययंत्रणेने करून त्यांना मूळ वसाहतीतच परत सोडावयाचे असते. गंभीर किंवा असाध्य आजार असेल तरच मांजर मारता येते.

शस्त्रक्रिया : मांजर उपाशी असताना पिंजऱ्यात खाद्य ठेवून पकडतात. भूल देऊन नराची वृषणे, तर मादीची अंडाशये (बहुधा गर्भाशयासह) काढतात. भूल उतरण्यापूर्वी कानाचे टोक कापतात. या खुणेमुळे निर्बीज मांजर दुरून ओळखू येते आणि त्याच्यावर पुन्हा पकडले जाण्याची वेळ येत नाही. मादी पाचव्या-सहाव्या महिन्यात माजावर येऊ शकते, गर्भावधी सुमारे नऊ आठवड्यांचा असतो आणि पिल्ले अंगावर पीत असतानाही ती गाभण राहू शकते. त्यामुळे वसाहतीतील दोन-तीन माद्या सुटल्या, तरी केलेले काम वाया जाऊ शकते.

फलित : १९९१–२००० या काळात सुमारे ८,००० मांजरे निर्बीज करून परत सोडण्यात आली. १०३ वसाहतींच्या पाहणीत संख्या सर्वसाधारणपणे घटलेली दिसली. मात्र बाहेरून नव्याने येणाऱ्या मांजरांचे प्रमाण सुमारे २१ टक्के होते. त्यांत घरातून आणून सोडलेली मांजरे होती. पाळीव मांजरांच्या प्रजननाला मालकांनी आळा घातला नाही, तर हा सगळा पैसा आणि श्रम व्यर्थ जातात, असा स्पष्ट निष्कर्ष पाहणीकर्त्यांनी काढला. 

वसाहती : वसाहतीतील मांजरांना रोज खाऊ घालणाऱ्या स्त्रियांना ‘गात्तारा’ म्हणतात. कोणते मांजर नवे, कोणते आजारी, कोणते गाभण, हे त्यांनाच ठाऊक असल्याने त्यांच्याविना पशुवैद्यकाचे काम अडते. लार्गो दी तोर्रे आर्जेंतीना येथील चार प्राचीन मंदिरांच्या अवशेषांत प्रसिद्ध वसाहत आहे. तेथील स्वयंसेवकांच्या निवाऱ्याच्या जागेवरून २०१२ मध्ये पुरातत्त्व अधिकाऱ्यांशी वाद झाला. २०२३ मध्ये हे अवशेष पर्यटकांना खुले झाले.

पक्ष्यांवरील परिणाम : मोकाट मांजरांच्या शिकारीचा पक्ष्यांवर किती परिणाम होतो, याबाबत मतभेद आहेत.