घोड्याला सर्दी झाली तेव्हा

मागच्या आठवड्यात ऑफिसमधे एक गंमत झाली. (गंमत आज वाटतेय, तेव्हा घाम फुटला होता.) रात्री साडेअकराला बिलिंगची अख्खी सिस्टिम बंद. तसं बघायला गेलं तर सगळं चकाचक आहे, क्लाऊड आहे, तीन ठिकाणी बॅकअप आहे. पहाटे चारला शोध लागला की कुणीतरी आठ वर्षांपूर्वी लिहिलेली चाळीस ओळींची एक स्क्रिप्ट रोज रात्री एका जुनाट मशिनवर चालत होती, आणि त्या मशिनची डिस्क भरली होती. आमच्या आर्किटेक्चरच्या एकाही आकृतीत ना ती स्क्रिप्ट होती, ना ते मशिन.

पहाटे घरी येताना मला १८७२ सालचे अमेरिकेतले घोडे आठवले. आता हे घोडे मधेच कुठून आले म्हणाल, तर सांगतो.

एकोणिसावं शतक म्हणजे वाफेचं युग, हे आपण शाळेत घोकलेलं असतं. १८६९ मधे अमेरिकेचे दोन्ही किनारे रेल्वेने जोडले गेले. म्हणजे घोड्याचे दिवस भरले, असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात झालं नेमकं उलटं. रेल्वे माल आणून टाकणार स्टेशनात. तिथून गोदामात, गोदामातून दुकानात कोण नेणार? घोडा. रेल्वेने दुप्पट माल आणला की घोडागाड्याही दुप्पट लागणार. शहरातल्या ट्राम रुळांवरून धावायच्या, पण ओढायचे घोडेच, आणि एक ट्राम दिवसभर चालवायला पाळ्या लावून सात-आठ घोडे लागायचे. आगीचे नवे बंब वाफेवर पाणी फेकायचे, पण ते टनावारी वजनाचं धूड आगीपर्यंत न्यायला पुन्हा घोडाच. १८७० च्या जनगणनेत नुसत्या शेतांवरच सत्तर लाखांहून जास्त घोडे मोजले गेले. शहरांतले वेगळे.

थोडक्यात, वाफेने घोड्याला हटवलं नव्हतं. फक्त आकृतीतून पुसलं होतं.

१८७२ च्या सप्टेंबरअखेरीस कॅनडात टोरोंटोजवळच्या गावांत घोडे खोकायला लागले. ताप, नाकातून स्राव, अंगात त्राण नाही. काही दिवसांत टोरोंटोतले बहुतेक तबेले आजारी पडले. ऑक्टोबरच्या मध्यावर साथ अमेरिकेत शिरली आणि तिसऱ्या आठवड्यात न्यूयॉर्क आणि बॉस्टनला पोचली. डिसेंबरात क्यूबा, आणि १८७३ च्या वसंतात पार पॅसिफिकचा किनारा. घोड्यांचा फ्लू होता तो.

मरणारे घोडे फार नव्हते. बहुतेक ठिकाणी शंभरात एक-दोन, काही ठिकाणी दहापर्यंत. पण एकाच वेळी जवळजवळ सगळेच आजारी! न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून ट्राम गायब झाल्या. बंदरात माल पडून, स्टेशनात माल पडून. कुठे गाड्यांना बैल जुंपले, कुठे माणसांनीच स्वतःला जुंपून घेतलं. रेल्वेची इंजिनं ठणठणीत होती, पण त्यांच्यापुढचं आणि मागचं सगळं थांबल्यावर त्यांचा उपयोग काय?

त्यातच ९ नोव्हेंबरचा शनिवार उजाडला. त्या संध्याकाळी बॉस्टनच्या समर स्ट्रीटवरच्या एका गोदामाला आग लागली. बॉस्टनचे बहुतेक घोडे आजारी होते. बंब माणसांनी दोरखंड लावून ओढत नेले. दुसऱ्या दिवशी दुपारी आग आटोक्यात आली, तोवर सुमारे ६५ एकरांतल्या ७७६ इमारती जळून गेल्या होत्या. घोडे आजारी होते म्हणून बॉस्टन जळालं, ही गोष्ट पुढे खूप सांगितली गेली.

पण इथे गंमत आहे बरं का. नंतर चौकशी झाली, त्यात निघालं की घोडे नसल्यामुळे उशीर झाला तो काही मिनिटांचाच. कारण? जॉन डॅमरेल नावाचा शहराचा अग्निशमन प्रमुख. साथ आल्यावर त्याने हातावर हात धरून वाट पाहिली नाही. बंब ओढायला जादा माणसं आधीच लावून ठेवली होती. खरा दगा दिला तो पाण्याने. त्या भागातले नळ जुने आणि अरुंद होते, वरच्या मजल्यांपर्यंत फवारा पोचेना. शेजारच्या गावांतून आलेल्या बंबांचे पाइप बॉस्टनच्या नळांना बसेनात. वरून इमारतींची छपरं लाकडी. १८७१ ची शिकागोची आग झाल्यावर डॅमरेल स्वतः तिथे जाऊन बघून आला होता, आणि मोठे नळ टाका म्हणून शहराच्या मागे लागला होता. कोणी मनावर घेतलं नाही.

म्हणजे जो धोका डोळ्यासमोर खोकत होता त्याची तयारी झाली. जो जमिनीखाली होता, तो फाईलमधेच राहिला. आमच्याकडच्या मीटिंगांची आठवण आली की नाही?

ही साथ पसरली कशी, हेही वाचण्यासारखं आहे. तेव्हा जंतूंबद्दल एकमत नव्हतं, दूषित हवेमुळे रोग होतो असं अनेक जाणकार मानत. ॲडोनायराम जडसन नावाच्या न्यूयॉर्कच्या डॉक्टरने कुठल्या गावात साथ कधी आली याच्या तारखा गोळा केल्या. साथ वाऱ्याबरोबर नव्हे, तर रेल्वेच्या मार्गाने सरकत होती. घोडे रेल्वेने प्रवास करत, आणि त्यांच्याबरोबर रोगही. ज्या रेल्वेने घोड्याची जागा घ्यायची, तिनेच त्याचा आजार गावोगाव पोचवला! (२०१४ मधे ‘नेचर’मधल्या एका अभ्यासाने तर आजच्या बर्ड फ्लूच्या विषाणूंच्या वंशावळीचा धागा साधारण याच काळापर्यंत नेऊन भिडवला.)

मग घोड्यांना सुट्टी मिळाली का? थोडे दिवस. ट्राम मात्र घोड्यांवरच चालत राहिल्या. आपल्या मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली ती मे १८७४ मधे, म्हणजे या साथीनंतर, आणि सुरू केली एका अमेरिकन कंपनीनेच. अमेरिकेत १८८८ साली रिचमंडला विजेची ट्राम नीट चालून दाखवली गेली, तेव्हा कुठे घोड्याला खरा पर्याय मिळाला. मुंबईत तो १९०७ मधे आला.

पण मला या सगळ्यात एक गोष्ट राहून राहून आठवते. त्या साथीवर औषध नव्हतं. पशुवैद्य एकच सांगत होते: दोन आठवडे विश्रांती द्या. ज्यांनी दिली त्यांचे घोडे बहुतेक उठून उभे राहिले. ज्यांनी धंदा बुडतो म्हणून खोकणाऱ्या घोड्याला जुंपलं, त्यांचे घोडे मेले. न्यूयॉर्कला प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्ध संस्था काढणारा हेन्री बर्घ रस्त्यात उभा राहून आजारी घोड्यांच्या ट्राम अडवायचा. प्रवासी चिडायचे. त्यांच्या दृष्टीने ट्राम म्हणजे यंत्र, आणि यंत्राला सर्दी होत नाही.

आपणही इंजिनाची ताकद अश्वशक्तीत मोजतो, पण त्यातल्या अश्वाला धाप लागते हे विसरतो.

असो. त्या रात्री स्क्रिप्ट शोधून काढणारा आमचा सपोर्टचा मुलगा सलग एकवीस तास जागा होता. सकाळी नऊच्या मीटिंगलाही त्याला बोलावलं होतं. मी त्याला घरी जा म्हणालो, तर मीटिंगमधे दोघांनी विचारलं, ‘तो का नाही आला?’

सोमवारी आकृतीत दोन नवे चौकोन काढणार आहे. एक त्या मशिनचा. दुसरा त्याचा.