सी-पॅप लावले, पण नाक चोंदले!

डिसेंबर उजाडला की परभणीच्या किमान तापमानाचा आकडा वृत्तपत्रांतून झळकू लागतो. येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत काही वर्षी पारा ५ अंशांच्याही खाली उतरल्याची नोंद आहे. त्याच गावात मे महिन्यात ४२-४३ अंशांचे ऊन अंगावर येते. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आपण अभिमानाने म्हणतो, पण नाकाला या अभिमानाशी काही देणेघेणे नसते. थंडीतली हवा कोरडी, उन्हाळ्यातली त्याहून कोरडी. त्यात दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची मळणी सुरू होते, मानवत-सेलूकडच्या जिनिंगमधून कापसाची धूळ उडू लागते आणि अर्ध्या गावाचे नाक चोंदते. इतरांचे वाफाऱ्यावर आणि बामवर भागते. रात्री सी-पॅप यंत्र लावून झोपणाऱ्याची मात्र पंचाईत होते, कारण त्याचा उपचारच नाकावाटे चाललेला असतो.

निद्रेतील श्वासरोध, म्हणजेच स्लीप अ‍ॅप्निया, या विकारात गाढ झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासमार्ग मिटतो आणि श्वास दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहूनही जास्त वेळ थांबतो. रक्तातला प्राणवायू घटतो, मेंदू दचकून जागा होतो, एक मोठी घोर येऊन श्वास सुटतो आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. तीव्र विकारात असे तासाला ३० किंवा त्याहून अधिक वेळा घडते. घरचे त्याला ‘गाढ झोप लागली आहे’ म्हणतात! औषधांना न जुमानणारा रक्तदाब, हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितता, दिवसा गाडी चालवताना लागणारी डुलकी हे त्याचे परिणाम. संगीतकार बप्पी लाहिरी यांचे फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत निधन झाले, तेव्हा रुग्णालयाने दिलेल्या माहितीत या विकाराचा उल्लेख होता. अनेक घरांत हे नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले गेले.

यावरचा प्रमुख उपचार म्हणजे सी-पॅप. ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये पाच रुग्णांवरील या प्रयोगाचा अहवाल ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. कल्पना साधी होती. नाकावरच्या मास्कमधून ठरावीक दाबाने हवा सोडत राहायची, म्हणजे त्या हवेचाच टेकू लागून घसा मिटत नाही. हा दाब पाण्याच्या स्तंभाच्या मापात, साधारणतः ४ ते २० सेंटिमीटर, मोजतात. यंत्र झोपेत श्वास ‘देत’ नाही, श्वास आपणच घेतो. यंत्र फक्त वाट उघडी ठेवते. त्यामुळे ते लावले त्या रात्रीपुरताच त्याचा उपयोग. चष्मा काढून ठेवला की दिसायचे जसे अंधूक होते, तसेच हे.

अडचण इथेच आहे. तीस-चाळीस हजार रुपयांपासून पुढे किंमत असलेले यंत्र घरात येते, आठ-दहा रात्री उत्साहाने लावले जाते, मग एका पहाटे नाक पूर्ण बंद होऊन रुग्ण गुदमरून उठतो, मास्क काढून फेकतो आणि यंत्र कपाटात जाते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सेव्ह’ या मोठ्या अभ्यासात २,७१७ रुग्ण होते. त्यात सी-पॅपमुळे हृदयविकार व पक्षाघात टळतात असे दिसून आले नाही. मात्र त्या रुग्णांनी यंत्र वापरले होते रात्री सरासरी ३.३ तास. इतक्या कमी वापरातून फार अपेक्षा करता येईल का, असा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो. दिवसाची पेंग आणि घोरणे मात्र त्या अभ्यासातही कमी झाले होते. सांगायचे असे, की चोंदलेले नाक ही किरकोळ तक्रार वाटली तरी पुष्कळांचा उपचार तिथेच अडून बसतो.

नाक का चोंदते?

नाकाचे काम केवळ हवा आत घेण्याचे नाही. बाहेरची थंड, कोरडी हवा घशापर्यंत पोहोचण्याआधी ती ऊबदार आणि दमट करण्याचे काम नाकातल्या मांसल पाकळ्या करतात. त्यांना टर्बिनेट म्हणतात. उच्छ्वासाच्या वेळी तीच हवा परतताना आपली बरीचशी ओल नाकाला परत देऊन जाते. हा देण्याघेण्याचा हिशेब निसर्गाने चोख ठेवलेला आहे. सी-पॅप लावून झोपलेल्याचे तोंड उघडे पडले की हा हिशेब बिघडतो. हवा नाकाने आत येते आणि तोंडाने बाहेर निसटते. नाकावरून एकाच दिशेने वारा वाहत राहतो. ओल जाते, परत येत नाही. कोरड्या पडलेल्या आवरणाला वाचवण्यासाठी शरीर तिथला रक्तपुरवठा वाढवते, पाकळ्या सुजतात आणि नाक बंद होते. नाक बंद झाल्यामुळे तोंड आणखी उघडते. हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले की पहाटेपर्यंत थांबत नाही.

म्हणून अशा रुग्णाच्या बाबतीत पहिला प्रश्न औषधाचा नसून ओलाव्याचा असतो. बहुतेक यंत्रांना ह्युमिडिफायर, म्हणजे पाणी कोमट करून हवेला ओल देणारी छोटी टाकी, जोडलेली असते किंवा जोडता येते. अनेक जण ती कोरडीच ठेवतात, काही जण विकतच घेत नाहीत. आमच्या मते परभणीच्या हवेत ती नसेल तर यंत्र अर्धेच घेतले असे समजावे. ओलाव्याचा आकडा मधल्या पायरीवर ठेवून सुरुवात करावी आणि सकाळी नाक-घसा कोरडा वाटल्यास रोज एकेक पायरी वाढवावी.

टाकीत पाणी कोणते घालावे, हा आपल्याकडे खरा प्रश्न आहे. बोअरचे पाणी जड. ते आटले की टाकीच्या तळाला पांढरा थर धरतो. आरओचे पाणी त्यापेक्षा बरे, पण ते डिस्टिल्ड वॉटर नव्हे. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी दुकानात मिळणारे पाणी श्वासात जाण्यासाठी बनवलेले नसते, ते वापरू नये. औषधांच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर मागवून घ्यावे. एखाद्या रात्री ते संपले तर उकळून गार केलेले पाणी चालेल, मात्र सवय लावू नये. सकाळी उरलेले पाणी ओतून टाकी कोरडी करावी, त्यातच रात्री भर घालू नये. आणि निलगिरीचे तेल, ओव्याचा अर्क, कापूर यांतले काहीही त्या टाकीत घालू नये. वाफाऱ्याच्या भांड्यात जे शोभते ते रात्रभर दाबाने फुप्फुसात जाऊ देणे धोक्याचे आहे. नाकपुड्यांना बाम किंवा व्हॅसलिन चोपडणेही टाळावे. त्याने मास्कचे सिलिकॉन खराब होते आणि तेलकट अंश श्वासात जातो. पाण्यावर आधारित सलाइन जेल मिळते, ते लावावे.

ऐन थंडीत दुसरीच गंमत होते. टाकीतून निघालेली कोमट, दमट हवा गार पडलेल्या नळीतून येताना वाटेतच निवते आणि नळीत पाणी साचून गुडगुड आवाज येतो. मध्यरात्री नाकावर थेंब पडला की रुग्ण ह्युमिडिफायरच बंद करून टाकतो. तसे करू नये. नळी गोधडीखालून घ्यावी, तिला जुन्या स्वेटरच्या बाहीचे वेष्टण घालावे आणि यंत्र उशीच्या पातळीखाली ठेवावे, म्हणजे पाणी परत टाकीकडे उतरते. तापणारी नळीही विकत मिळते. घरातल्या माउलीने शिवलेली गोधडी हे काम फुकटात करते!

तोंड उघडे पडत असेल तर हनुवटीला बांधायचा पट्टा काहींना उपयोगी पडतो. नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क हा सर्वांचा आवडता उपाय. दुकानदारही तोच आधी पुढे करतो. पण त्यातून हवा जास्त गळते आणि काहींना दाबही वाढवावा लागतो. नाकावरच्या मास्कने सुरुवात करून, नाकाची डागडुजी करूनही जमले नाही तरच मोठ्याकडे वळावे, असा तज्ज्ञांचा साधारण कल असतो.

धूळ, गवत आणि कूलर

काहींचे नाक यंत्र येण्यापूर्वीपासूनच अ‍ॅलर्जीचे असते आणि यंत्र केवळ ती उघडी पाडते. मळणीची धूळ, कापसाचे तंतू, रस्त्याकडेला माजलेल्या गाजर गवताचे परागकण, गाद्या-उशांतले सूक्ष्म कीटक ही नेहमीची कारणे. उन्हाळ्यातला कूलरही त्यातलाच. वर्षभर पडून राहिलेल्या त्याच्या जुन्या गवताला बुरशी धरते आणि तीच हवा यंत्र ओढून घेते. हंगामाच्या सुरुवातीला गवत बदलावे. यंत्राच्या मागची गाळणी तर बहुतेकांना ठाऊकच नसते. फोमची असेल तर आठवड्याला धुऊन, पूर्ण वाळवून बसवावी. कागदासारखी असेल तर ती धुवायची नसते, काळवंडली की बदलायची. जिनिंगच्या हंगामात पुस्तिकेत सांगितल्यापेक्षा लवकर बदलावी लागते.

अशा रुग्णांना डॉक्टर स्टेरॉइडचा नाकातला फवारा देतात. ‘स्टेरॉइड’ या शब्दाने दचकू नये. मात्रा अल्प असते आणि परिणाम मुख्यतः नाकापुरता असतो. मात्र तो आज मारला की आज नाक मोकळे, असे होत नाही. पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे नियमित वापर लागतो. फवारा मारताना नळीचे टोक मधल्या पडद्याकडे न रोखता बाहेरच्या बाजूला रोखावे. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात वापरला की हे आपोआप साधते. अ‍ॅलर्जी नसलेल्याला या फवाऱ्याचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून शेजाऱ्याची बाटली आणू नये.

खरी भीती आहे ती दोन मिनिटांत नाक मोकळे करणाऱ्या थेंबांची. ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिन ही त्यांतली औषधे. हे थेंब तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले की त्यांचा असर उतरताच नाक पूर्वीपेक्षा घट्ट बंद होते. मग पुन्हा थेंब, पुन्हा चोंदणे. वर्षानुवर्षे खिशात बाटली घेऊन फिरणारी माणसे आपण पाहिली असतील. यंत्राच्या सोयीसाठी रोज रात्री हे थेंब टाकणे म्हणजे एका खोड्यातून दुसऱ्यात पाय घालणे होय. सर्दीच्या गोळ्यांचेही जपूनच. पुष्कळ गोळ्यांत फिनाइलेफ्रिन असते. तोंडावाटे घेतल्यावर ते नाकावर परिणामकारक ठरत नाही, असे मत अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये एकमुखाने दिले. रक्तदाबाच्या रुग्णाने अशा गोळ्या डॉक्टरांना न विचारता घेऊच नयेत. श्वासरोधाच्या रुग्णांत रक्तदाबाचे रुग्ण किती असतात, हे वेगळे सांगायला नको. त्याच गोळ्यांतील झोप आणणारी औषधे आणि रात्रीचे मद्य घशाचे स्नायू आणखी सैल करतात.

या सगळ्यांपेक्षा मिठाच्या पाण्याने नाक धुणे अधिक निर्धोक. आपल्याकडे जलनेती जुनीच आहे. अर्धा लिटर पाण्याला सपाट छोट्या चमच्याहून किंचित कमी मीठ हे प्रमाण धरावे. पाणी उकळून कोमट केलेलेच हवे, थेट नळाचे किंवा बोअरचे कदापि नको. अशा पाण्यातला अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचल्यास जिवावर बेतते. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये अमीबाजन्य मेंदूज्वराचे रुग्ण आढळल्यानंतर ही सूचना तेथे वारंवार द्यावी लागली. नाक धुतल्यावर तासाभराने मास्क लावावा. लगेच आडवे झाल्यास सायनसमध्ये राहिलेले पाणी ओघळत राहते.

पडसे ऐन भरात असलेल्या रात्री काय करावे? उशाकडचा भाग उंच करावा, कुशीवर झोपावे, झोपण्याआधी नाक धुवावे, यंत्रात दाब हळूहळू वाढवण्याची सोय असते ती चालू करावी. घरात मोठा मास्क असेल तर तो अशाच रात्रींसाठी राखून ठेवावा. इतके करूनही श्वास कोंडत असेल तर एखादी रात्र यंत्राविना गेली म्हणून घाबरू नये, पण त्या काळात लांबचे वाहन चालवू नये. आणि ‘सर्दी गेल्यावर बघू’ या वाक्याला तारीख घालून घ्यावी. कपाटाचा प्रवास याच वाक्याने सुरू होतो.

दोन-तीन आठवडे हे सारे नीट करूनही एकच नाकपुडी सतत बंद राहत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवणे आवश्यक आहे. ज्याला आपण ‘नाकाचे हाड वाढले’ म्हणतो तो बहुधा मधला पडदा वाकडा असण्याचा प्रकार असतो. कधी पाकळ्या कायमच्या सुजलेल्या असतात, कधी मस्सा असतो. त्याची शस्त्रक्रिया केल्याने श्वासरोध बरा होत नाही, याची स्पष्ट कल्पना आधी घ्यावी, कारण मूळ अडथळा घशात असतो. मात्र नाक मोकळे झाल्याने यंत्र सुसह्य होते आणि काहींना कमी दाब पुरतो. वारंवार रक्त येणे, चेहरा दुखून ताप येणे किंवा एकाच नाकपुडीतून पातळ पाणी गळणे, यांपैकी काही दिसल्यास दोन-तीन आठवड्यांची वाट पाहू नये.

तपासणीसाठी नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला गेलेल्या रुग्णाला तेथे बसवून दिलेला दाब पुढे वर्षानुवर्षे तसाच चालतो. वजन बदलले, नाकाची शस्त्रक्रिया झाली, मास्क बदलला, तर तो पुन्हा तपासून घ्यावा. आजच्या बहुतेक यंत्रांत वापराचे तास आणि हवेची गळती यांची नोंद साठते. पुढच्या भेटीला जाताना ती नोंद सोबत न्यावी. गळतीचा आकडा मोठा असेल तर नाक का चोंदते याचे उत्तर अनेकदा तिथेच सापडते.

राहता राहिली वीज. मध्यरात्री ती गेली तरी गुदमरण्याची भीती नसते. मास्कला हवेची छिद्रे असतात, मोठ्या मास्कला सुरक्षा झडपही असते आणि रुग्ण बहुधा जागा होतोच. इन्व्हर्टरवर यंत्र रात्रभर चालते, पण पाणी तापवणारा भाग वीज फार खातो. म्हणून वीज वारंवार जात असेल तेव्हा तापवणे बंद करून पाणी मात्र टाकीत राहू द्यावे, थोडी ओल त्यातूनही मिळते. त्या सकाळी नाक जरा कोरडे वाटेल, तेव्हा उठल्यावर एकदा मिठाच्या पाण्याने धुऊन घ्यावे.