दोन व्रतस्थ आणि न्यूटनचा ग्रंथ

ख्रिस्तसभा आणि विज्ञान हा विषय निघाला की गॅलिलिओचे नाव निघते आणि चर्चा बहुधा तेथेच थांबते. १६३३ च्या त्या निकालाचे समर्थन आम्हांस करावयाचे नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी त्या प्रकरणात धर्मपंडितांकडून झालेली चूक मोकळेपणाने मान्य केलेली आहे. परंतु त्या निकालाची छाया पडलेली असतानाही रोममध्येच राहून, आज्ञापालनाचे व्रत न मोडता, ज्यांनी नवे गतिशास्त्र जगाला शिकविले अशा दोन धर्मगुरूंची हकीकत आपल्या कुटुंबांत फारशी सांगितली जात नाही. ती येथे सांगण्याचा आमचा मानस आहे.

हकीकतीचा प्रारंभ मात्र इंग्लंडमध्ये होतो. १६८४ च्या ऑगस्टमध्ये एडमंड हॅली हे खगोलज्ञ केंब्रिजला जाऊन आयझॅक न्यूटन यांना भेटले. सूर्याची ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होत असेल, तर ग्रहाचा मार्ग कसा असेल, असा त्यांचा प्रश्न होता. न्यूटन यांनी तत्काळ सांगितले, लंबवर्तुळ. आपण ते गणिताने सिद्धही केले आहे. कागद मात्र सापडेना! त्या हरवलेल्या कागदापायी न्यूटन पुन्हा लिहावयास बसले आणि १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’ प्रसिद्ध झाला. छपाईचा खर्च हॅली यांनी पदरचा केला. कारण रॉयल सोसायटीचा पैसा माशांवरील एका भल्यामोठ्या ग्रंथात अडकून पडला होता.

या ग्रंथाचे मर्म समजण्यास दावीदाची गोफण पुरे. गोफणीतला दगड गरगर फिरतो तो हाताने दोरी ओढून धरलेली असते म्हणून. दोरी सुटली की तो सरळ रेषेत निघून जातो. कोणी अडविले वा ओढले नाही तर वस्तू आपल्या सरळ चालीने जात राहते, हा पहिला नियम. बळ लावले तर त्या बळाच्या प्रमाणात व त्याच दिशेने चाल बदलते, हा दुसरा. चंद्राला दोरी कोठे आहे? न्यूटन यांचे उत्तर असे, की झाडावरचे फळ खाली आणणारी पृथ्वीची ओढ हीच ती दोरी. हे नुसते बोलणे नव्हते, त्यांनी हिशेब मांडला. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे ६० पट दूर आहे. अंतर दुप्पट झाले की ओढ चौथाई होते, तिप्पट झाले की नवमांश; मग ६० पट अंतरावर ती ३६०० पटींनी कमी व्हावयास हवी. आपल्या अंगणात सोडलेला दगड पहिल्या सेकंदात सुमारे ४.९ मीटर पडतो. चंद्र त्याच एका सेकंदात आपल्या सरळ मार्गापासून पृथ्वीकडे जेमतेम १.४ मिलिमीटर ढळतो. तेवढ्यात तो सुमारे एक किलोमीटर पुढे गेलेला असतो. भागाकार करून पाहावा, ताळा जमतो. चंद्र अखंड पडतच असतो. पुढे जाण्याच्या वेगामुळे पृथ्वी मात्र त्याला सापडत नाही.

खरी अडचण होती ती तिसऱ्या नियमात. सूर्य पृथ्वीला ओढतो, तर पृथ्वीही सूर्याला तेवढ्याच बळाने ओढणार. मग दोघांनीही आपल्या समाईक गुरुत्वमध्याभोवती फिरले पाहिजे. आणि सूर्याचे वस्तुमान प्रचंड असल्याने तो मध्य सूर्यापाशीच पडतो. म्हणजे पृथ्वीला स्थिर मानून हा ग्रंथ वाचताच येत नाही. इकडे १६१६ सालापासून पृथ्वी फिरते असे शिकविणारे ग्रंथ निषिद्ध ठरलेले.

अशा काळात रोममधील त्रिनिता देई मोंती या टेकडीवरील मठात फादर थॉमस ल स्यूर आणि फादर फ्रान्स्वा झाकिये हे दोन फ्रेंच व्रतस्थ राहत होते. ते पाओलाच्या संत फ्रान्सिस यांनी स्थापिलेल्या मिनिम संघाचे. मांस, अंडी व दूध वर्ज्य करून बारमाही उपवासकाळ पाळणारा हा संघ! (काही जण या दोघांना येशूसंघीय म्हणतात, ते चूक आहे.) त्यांनी ‘प्रिन्सिपिया’वर सविस्तर टीपा लिहिल्या. न्यूटन यांनी जेथे एका ओळीत उडी मारली तेथे यांनी विद्यार्थ्यासाठी पायऱ्या बांधल्या. अनेक पानांवर मूळ मजकुराच्या थोड्या ओळी आणि खाली टीपाच टीपा, असा थाट आहे. १७३९ ते १७४२ या काळात ही आवृत्ती छापली गेली ती जिनिव्हात, म्हणजे कॅल्व्हिनच्या नगरीत. आणि तेथील गणितज्ञ कालांद्रिनी यांनी त्या कामी मोठे साहाय्य केले. इंग्रज प्रॉटेस्टंटाचा ग्रंथ, कॅथलिक व्रतस्थांच्या टीपा आणि कॅल्व्हिनपंथी नगरातील छापखाना, असा हा त्रिवेणी संगम होता.

ग्रहांची चर्चा तिसऱ्या खंडात येते. त्याच्या आरंभी दोघांनी एक निवेदन छापले. त्याचा आशय असा, की ग्रंथकर्त्याने पृथ्वीची गती गृहीत धरलेली असल्याने आम्हांलाही तेच गृहीत धरून स्पष्टीकरण करणे भाग पडले. दुसऱ्याचे सोंग आम्ही घेतले आहे. आम्ही स्वतः मात्र परमगुरूंच्या आज्ञांचे पालन करतो. हे निवेदन वाचून अनेक जण हसले आहेत. कोणाला त्यात भीती दिसते, कोणाला थट्टा. आम्हांस तसे वाटत नाही. भीती असती तर त्यांनी तिसरा खंड गाळला असता किंवा युक्तिवाद पातळ केला असता. त्यांनी एकही पायरी चोरली नाही. आज्ञाही लपविली नाही व गणितही लपविले नाही. दोन्ही एकाच ग्रंथात वाचकापुढे ठेवली. मनाला किती यातना झाल्या असतील, हे ज्यांनी कधी व्रत घेतले आहे त्यांनीच जाणावे.

रोमने त्यांना शिक्षा केली काय? उलट, संत पेत्र महामंदिराच्या घुमटाला तडे गेलेले होते, तेव्हा १७४२ साली पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी पाहणीसाठी याच दोघांना व येशूसंघीय फादर बोस्कोविच यांना बोलाविले. घुमट बाहेर किती रेटतो आणि त्याला धरून ठेवणारे बळ किती, याचा त्यांनी गणिताने हिशेब केला आणि लोखंडी कडी घालण्याचा सल्ला दिला. गणितज्ञांवाचून बांधलेला घुमट गणितज्ञांवाचून दुरुस्तही होईल, असा टोमणा त्यांना ऐकावा लागला. पुढे पादुआचे पोलेनी यांचाही सल्ला घेण्यात आला आणि कडी घालण्यात आली.

याच पोपमहाशयांच्या कारकिर्दीत, १७५८ च्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीतून पृथ्वीच्या गतीविषयीच्या ग्रंथांवरील सरसकट बंदी वगळली गेली. कोपर्निकस व गॅलिलिओ यांचे ग्रंथ नावानिशी तसेच राहिले. ते १८३५ च्या यादीतून निघाले, हा विलंब खेदजनकच म्हटला पाहिजे. त्याच १७५८ सालच्या नाताळच्या रात्री जर्मनीत ड्रेस्डेनजवळ पालिट्श नावाच्या एका शेतकऱ्याला आकाशात एक अंधुक धूमकेतू दिसला. न्यूटन यांच्या नियमांवरून हॅली यांनी ज्याच्या परतण्याचे भाकीत केले होते, तोच तो. तोपर्यंत न्यूटन आणि हॅली दोघेही निवर्तले होते. रोममध्ये ल स्यूर आणि झाकिये मात्र हयात होते.

सूर्य स्थिर व पृथ्वी फिरती मानणारी पुस्तके छापण्यास रोमने १८२२ साली उघड अनुमती दिली. त्याच वर्षी प्रॉटेस्टंट स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे ‘प्रिन्सिपिया’ पुन्हा छापला गेला, तो या दोन मिनिम धर्मगुरूंच्या टीपांसह.