हेनव्हिलचं कोर्ट

अमेरिकेत अलाबामा राज्यात हेनव्हिल हे छोटं गाव. तिथलं लाउंड्स काउंटीचं कोर्ट 1856 साली बांधलं. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखंच. ग्रीक देवळासारखे पांढरे खांब, बाहेरून वर चढणारे दोन वळणदार जिने. इमारत देखणी, यात वाद नाही.

पण निवाडा देणाऱ्या ज्यूरीत बाईला कायद्यानंच बंदी होती, काळ्या माणसांनाही घेत नसत. 1965 मध्ये 17 वर्षांच्या रूबी सेल्स या काळ्या मुलीला वाचवताना जोनाथन डॅनियल्स गोळीनं ठार झाला. गोळी झाडणाऱ्याला याच कोर्टात गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीनं निर्दोष सोडलं.

त्याच वर्षी गार्डेनिया व्हाइट आणि इतरांनी ज्यूरीच्या निवडीविरुद्ध केंद्रीय न्यायालयात दावा लावला. 1966 मध्ये निकाल आला: बायकांना वगळणं घटनाविरोधी. अलाबामाला कायदा बदलावा लागला.