वणवा (धाराशिव जिल्हा)

बालाघाटच्या उतारांवर, माळावर व गायरानात वाळल्या गवताला लागणारी आग. जिल्ह्यात जंगल अत्यल्प. येडशी-रामलिंग घाट अभयारण्य हा त्यातला जपलेला तुकडा. त्यामुळे इथला वणवा झाडांपेक्षा चारा जास्त खातो आणि त्याचा हिशेबही चाऱ्यातच मांडावा लागतो.

हंगाम फेब्रुवारी ते मे. विडीचे थोटूक, पेटवलेला बांध, वीजतारांची ठिणगी, जाळले की गवत जोमाने फुटते हा समज, ही नेहमीची कारणे. उन्हाळे तापत चालले तसे गवत लवकर वाळते. आदल्या वर्षी पाऊस चांगला झाला असेल, तर ते दाटही असते. वारा सुटला की आग बांध ओलांडते. ठिबकच्या नळ्या वितळून काळ्या दोरीसारख्या मातीला चिकटतात. कडब्याची गंजी वरून विझलेली दिसली तरी आत धुमसत राहते. हजार पेंढ्या गेल्या, म्हणजे साधारण एका बैलजोडीचा उन्हाळा गेला.

भूमिहीनांचे नुकसान मात्र कागदावर येतच नाही. उस्मानाबादी शेळी ही गरिबाघरची, बहुधा बाईच्या हातातली ठेव. भूम, वाशी, कळंबकडची कुटुंबे ऊसतोडीला गेली की मागे राहिलेली म्हातारी माणसे शेळ्या राखतात. गायरान जळते तेव्हा शेळ्या मरत नाहीत, उपाशी राहतात. मग मिळेल त्या भावाने बाजारात जातात. या तोट्याचा पंचनामा कोण करणार? आपत्ती मदतीच्या 2022-26 च्या निकषांत शेळीमागे 4,000 रुपये आहेत, पण ती दगावली तरच. 2016 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या नियमांत स्थानिक आपत्ती म्हणून वीज पडून लागलेली आग धरली आहे, तीही उभ्या पिकापुरती. माणसाच्या हातून पेटलेला माळ आणि रचलेली गंजी दोन्ही त्याबाहेर.

श्रीमंत मुलखातही दिसणारे नुकसान थोडेच असते. कॅलिफोर्नियातील 2018 च्या वणव्यांची किंमत एका अभ्यासाने सुमारे 14,850 कोटी डॉलर काढली. त्यात जळालेल्या मालमत्तेचा वाटा पाचव्या हिश्श्याहून कमी होता. बाकी सारे धुराने बिघडलेले आरोग्य आणि थांबलेले व्यवहार. तिथे निदान ते मोजले गेले.

वनखाते आपल्या हद्दीत हंगामाआधी जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे गवत काढलेले मोकळे पट्टे, काढते. गायरानात कार्तिक-मार्गशीर्षातच गवत कापून घेतले तर तेच काम होते. चारा घरात येतो आणि कापणाऱ्याला मजुरी मिळते.