आंकड्यावांचून रंगलेला डाव

बुद्धिबळाच्या खेळाडूची योग्यता आज आंकड्यांत मोजतात. प्राध्यापक आर्पाद एलो यांनीं आंखलेली ही गणनपद्धति अमेरिकेंतील बुद्धिबळ संघानें १९६० सालीं व जागतिक संघटनेनें १९७० सालीं स्वीकारली. तत्पूर्वीं शेंकडों वर्षें लोक हा खेळ खेळतच होते. त्यांना एकमेकांचें बळ कसें कळत असे? आणि आंकडा नव्हता म्हणून खेळाची गोडी कांहीं उणी होती काय?

बळ मोजण्याचें जुनें साधन म्हणजे सूट. वरचढ खेळाडूनें आपलें एखादें प्यादें किंवा घोडा आधींच पटावरून उचलून ठेवावा. तरीहि डाव अटीतटीचा झाला, म्हणजे दोघांतील अंतर उभयतांस आणि बघ्यांसहि कळून येई. फ्रान्समधील देशापेल हा तर प्रतिपक्षास एक प्यादें व दोन चाली दिल्यावांचून सहसा पटाशीं बसतच नसे.

या देशापेलशीं १८२१ सालीं पॅरिसजवळ खेळलेले स्कॉटिश बॅरिस्टर जॉन कॉक्रेन पुढें कलकत्त्यास वकिली करूं लागले. १८४८ च्या सुमारास त्यांच्या कानीं आलें कीं, बंगालच्या एका खेड्यांत कधींहि न हरलेला असा एक ब्राह्मण आहे. महेशचंद्र बॅनर्जी हें त्याचें नांव. त्याच्यापाशीं प्रशस्तिपत्र नव्हतें. पंचक्रोशीचा शब्द हीच त्याची पदवी.

कॉक्रेनपुढें ही अजिंक्यता टिकली नाहीं. एक तर प्रतिस्पर्धी कसलेला, आणि दुसरें म्हणजे नियमहि परके. देशी खेळांत प्यादें बहुधा एकेक घरच सरके आणि युरोपीय किल्लेकोट तर नव्हताच. दुसरा एखादा मानी पुरुष पट गुंडाळून घरीं परतला असता. महेशचंद्रांनीं मात्र नवे नियम आत्मसात् केले आणि ते कॉक्रेनसमोर पुनःपुन्हां बसले. त्या दोघांचे ४०० हून अधिक डाव आज उपलब्ध आहेत. त्यांत जय बहुतेक कॉक्रेनचा आहे. परंतु हरणाऱ्याचा उत्साह ओसरल्याची खूण कोठेंहि दिसत नाहीं.

देशी खेळाची संवय महेशचंद्रांनीं सोडली नाहीं. प्यादें एकच घर पुढें सारून उंट कडेच्या तिरप्या रेषेवर बसवावा, पटाचा मध्य प्रतिपक्षास खुशाल घेऊं द्यावा, आणि मग त्यावर तुटून पडावें, ही त्यांची रीत. १८५५ सालीं अशाच एका डावांत कॉक्रेननें त्यांच्यावर मात केली. त्या डावाचा आरंभ ज्या चालींनीं झाला, त्याच पुढें १९२२ सालीं व्हिएन्नाच्या ग्रुनफेल्डनें प्रचारांत आणल्या, व त्याच्याच नांवानें त्या प्रसिद्ध झाल्या. तथापि बुद्धिबळाच्या ग्रंथांत ‘भारतीय बचाव’ हें जें नांव रूढ झालें, त्याचा उगम कलकत्त्याच्या या पटाशींच पोंचतो.

मोठ्या सामन्यांत जोड्या लावावयास आंकडा उपयोगी खरा. परंतु गल्लींतील मंडळाच्या स्पर्धेंत जो केवळ हौसेनें उतरतो, त्याला त्याची उणीव भासण्याचें कारण नाहीं. आपल्याकडे प्याद्यानें दिलेली मात, म्हणजे प्यादेमात, विशेष मानाची समजत; तो मान कोणत्याहि कोष्टकांत नोंदला जात नसे, बघ्यांच्या स्मरणांत मात्र राही. महेशचंद्रांच्या नांवापुढें कधींहि आंकडा लागला नाहीं. त्यांचे डाव मात्र दीडशें वर्षें उलटलीं तरी खेळून पाहिले जातात.